कॅरव्हॅनमध्ये साडेसहा आठवडे, बेनिडॉर्म, स्पेन: साडेतीन स्टार

साडेतीन स्टार देतेय, आणि त्यातला खुद्द कॅरव्हॅनचा वाटा जेमतेम दीड आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे फोटो बघून कुणी हुरळून जायला नको. उरलेले दोन जागेचे, ट्रामचे, आणि सकाळी डबा घेऊन निघायचं नि दिवेलागणीला परत यायचं या प्रकाराचे. मालकाला वेगळे स्टार द्यायची सोय असती तर किती दिले असते ते शेवटी कळेलच.

आम्ही दोघं नाशिकचे, इंदिरानगरात राहतो, मी बँकेतून रिटायर, हे नोट प्रेसच्या मेंटेनन्समधून, आणि लेक-जावई हॉलंडात आइंडहोव्हनला. २०१८ ला आम्ही ती १२ दिवसांत ७ देश वाली टूर केलेली आणि त्यातलं आज मला काय आठवतंय तर पहाटे साडेसहाला बसपाशी उभं राहून बॅगा मोजणारा टूर मॅनेजर. तेव्हा लेकीने सुचवलं की आई, तिच्या ऑफिसातल्या एकीचे आईवडील दर नोव्हेंबरात गाडीमागे कॅरव्हॅन जोडून स्पेनला उतरतात ते थेट मार्चमध्ये वर येतात, आणि असे एक-दोन नाहीत, हॉलंड, जर्मनी, बेल्जियम, इंग्लंड, सगळीकडचे रिटायर लोक तिकडचा अंधार नि पाऊस चुकवायला भूमध्य समुद्राच्या काठी येऊन राहतात. जागा बदलायची नाही, एकाच ठिकाणी बस्तान मांडायचं आणि रोज कुठेतरी जाऊन यायचं.

मला हसूच आलं, कारण हेच तर आमच्याकडचे पाहुणे वर्षानुवर्षं करतायत. मुक्काम आमच्या घरी, सोमवारी त्र्यंबक, मंगळवारी वणी, बुधवारी शिर्डी, मधल्या सकाळी मिसळ नि पंचवटी, आणि रात्री जेवायला परत हजर. तीस वर्षं मी अशांना पोळ्या लाटल्यात आणि आता सिंहस्थ आलाय म्हणजे कुठल्या कुठल्या चुलत नणंदांचे फोन यायला लागलेत. म्हटलं त्याआधी एकदा आपण पाहुणे होऊन बघू.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पूर्ण हिवाळा राहू म्हणाल तर आपल्याला जमत नाही, शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि मिळतात तेही तुम्ही मागितलेल्या तारखांच्या हिशोबाने. फी ९० युरो, प्रवासाचा इन्शुरन्स किमान ३०,००० युरोंचा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून आम्ही कॅम्पसाइटच्या बुकिंगचा कागद जोडला, तो चालला. आम्ही ११ डिसेंबर ते २६ जानेवारी असं केलं आणि माझ्या मते तेवढं पुरे, सातवा आठवडा पुरा केला असता तर आमचं बोलणं बंद झालं असतं.

आता गाडी. आपल्याकडे कॅरव्हॅन म्हटलं की लोकांना व्हॅनिटी व्हॅन डोळ्यासमोर येते, तसलं काही नाही. कॅरव्हॅनला इंजिनच नसतं, कारमागे ओढून नेतात, इंजिनवालीला मोटरहोम म्हणतात. आम्ही ओढणार कशाला आणि कसे, त्यामुळे आधीच जागेवर उभी करून ठेवलेली घेतली, पुढे कापडी ओसरी लावलेली, तिला ऑनिंग म्हणतात. ही ओसरी आहे म्हणून माणूस जगतो, नाहीतर आतलं चालायचं अंतर चार पावलं, आणि एक जण चहा करत असला की दुसऱ्याने बसूनच राहायचं.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट. लेकीने आदल्या दिवशीच येऊन सगळं ताब्यात घेतलेलं, आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडलेला, थंडी वाजत होती, हिटर लावला, म्हटलं चहा टाकू, मालकाने ठेवलेल्या केटलचं बटण दाबलं, पाणी कोमट होतंय न होतंय तोच फट्. सगळा अंधार. ह्यांनी मोबाइलचा टॉर्च घेऊन केटल उलटी करून बघितली, २२०० वॉट. मग बाहेर जाऊन निळा प्लग ज्या खांबाला लावलाय तो खांब बघून आले आणि अंधारातच मला गणित सांगितलं, अगं ६ अँपिअरचं कनेक्शन आहे, २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट, ही एकटी केटल चालणार नाही यावर, वर हिटर कुठून चालेल. म्हणजे ६ अँपिअरच्या जागेवर २२०० ची केटल ठेवणाऱ्या माणसाने स्वतः त्या कॅरव्हॅनमध्ये एक कप चहा तरी करून प्यायलाय का हा प्रश्न मला पडला. दुसऱ्या दिवशी छोटी केटल आणली आणि घरात नियमच करून टाकला, हिटर तर केटल नाही, केटल तर हिटर नाही. पुढचे साडेसहा आठवडे आम्ही रोज सकाळी कुडकुडत चहा उकळायची वाट बघितली.

गॅसचं म्हणाल तर नारिंगी सिलिंडर, साडेबारा किलोचा, आत ब्युटेन. ब्युटेनला थंडी सोसत नाही, शून्याच्या आसपास त्याचा गॅसच होईनासा होतो, आमच्याकडे रात्री ६-७ च्या खाली गेलं नाही त्यामुळे पेटायचा, पण सकाळी ज्योत मलूल. शेजारच्या डच आजोबांकडे प्रोपेन होता, त्याला असल्या थंडीचं काही वाटत नाही, ते ऐटीत अंडी तळायचे.

बेड. जाहिरातीत फ्रेंच बेड लिहिलेलं, मला वाटलं काहीतरी शाही असेल. फ्रेंच बेड म्हणजे पलंगाचा पायाकडचा एक कोपरा तिरका कापलेला, जायला वाट राहावी म्हणून. त्या कापलेल्या बाजूला जो झोपेल त्याचे पाय रात्रभर हवेत. पाच फूट दहा इंचाचा नवरा असेल तर त्याला भिंतीकडे घाला आणि तो रात्री तीनदा उठत असेल तर तुमचं नशीब.

पाणी ४० लिटरच्या पिंपात, ते आडवं करून दांड्याने ढोलासारखं गडगडत नळापर्यंत न्यायचं नि भरून गडगडत आणायचं. हे मला आवडलं. लहानपणी पिंपळगावला हंडे वाहिलेत, त्यापुढे हे म्हणजे खेळणं.

आणि संडास, ज्याबद्दल कुणी लिहीत नाही आणि आपल्या लोकांना खरं तर तेच विचारायचं असतं. आतमध्ये संडास आहे, खाली एक कॅसेट असते, साधारण वीसेक लिटरची, त्यात निळं औषध घालायचं, लाल दिवा लागला की बाहेरच्या झाकणातून कॅसेट ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी ओतून धुवायची. तिला चाकं आणि हँडल असतं, त्यामुळे सकाळी आठला बघाल तर गाऊन घातलेले गोरे म्हातारे एअरपोर्टवर बॅग ओढत न्यावी तशी आपापली कॅसेट घेऊन चाललेत आणि एकमेकांना हसून ओला ओला, म्हणजे तिथलं हॅलो, करतायत. ह्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आठवड्याभरात त्या रांगेतच ह्यांचे तीन मित्र झाले. पण गोम अशी की ती टाकी कागदवाल्यांच्या हिशोबाने बनवलेली आहे. आपण पाणी वापरणार, मग दोघांत ती दीड दिवसात भरते. शेवटी आतला संडास फक्त मध्यरात्रीसाठी राखून ठेवला आणि बाकी वेळी कॅम्पसाइटच्या ब्लॉकमध्ये, तो मात्र लखलखीत, गरम पाणी चोवीस तास, त्याला पाचपैकी पाच. प्लास्टिकचा मग नाशिकहून न्या, तिथे शोधून सापडत नाही.

स्वयंपाक. तिसऱ्या दिवशी मसुराची उसळ करायची म्हणून मोहरी-हिंगाची फोडणी घातली नि स्मोक अलार्म असा ठणाणा कोकलायला लागला की डच आजोबा आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. मी हातात झारा घेऊन उभी. त्यांना वास आवडला, वाटीभर दिली, तिखट लागलं तरी संपवली आणि नंतर दर आठवड्याला आजोबा अलार्म कधी वाजणार विचारायचे. तेव्हापासून फोडणी बाहेर ओसरीत, छोट्या शेगडीवर. पण तोवर जे व्हायचं ते झालेलं, खिडकीच्या पडद्यांनी हिंग धरला तो धरलाच.

दुसरी कटकट ओलीची. दोन माणसांचा श्वास, त्यात कुकरची वाफ, बाहेर थंडी आणि भिंती जेमतेम दोन बोटं जाडीच्या, त्यामुळे सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं. गादी उचलून बघितली तर खाली बुरशीचे काळे ठिपके, आणि ते आमच्या आधीचे, कारण मी दुसऱ्याच दिवशी बघितलं. मी त्याचा फोटो काढून ठेवला. बँकेत चौतीस वर्षं काढली की माणूस फोटो काढून ठेवतो.

किराण्याचा त्रास अजिबात नाही, मेर्कादोना नावाच्या सुपरमार्केटात काबुली चणे आणि मसूर उकडलेले काचेच्या बरणीत मिळतात, टोमॅटो तर असे की सॅलड म्हणून नुसते खावेत. गोडा मसाला, पोहे, कोंडाजीचा चिवडा घरून नेला होता. बाहेर जेवायचं तर एक लक्षात ठेवा, तिथलं दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होतं आणि चारनंतर स्वयंपाकघरं बंद ती रात्री आठपर्यंत. ह्यांना साडेबाराला पान लागतं. पहिल्या आठवड्यात हे उपाशी नि चिडके, मग डबा सुरू केला. शाकाहारी असाल तर पाएलाच्या, म्हणजे तिथल्या भाताच्या, नादी विचारल्याशिवाय लागू नका, अस्सल व्हॅलेन्सियावाल्या पाएलात कोंबडी आणि ससा असतो. भाजलेल्या पावावर टोमॅटो घासून ऑलिव्ह तेल घालतात ते मात्र रोज खाल्लं तरी कंटाळा येत नाही.

हवा म्हणाल तर दिवसा १६-१७ आणि स्वच्छ ऊन. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात दादाने पेपरातलं कात्रण पाठवलं, निफाडचा पारा घसरला, एक आकडी. म्हणजे निफाडात नि स्पेनमध्ये रात्रीची थंडी सारखीच आणि आमचे तीन-चार लाख गेले. खरंच, उन्हासाठी नाशिककराने तिथे जायचं काही कारण नाही. ते लोक चड्डीवर उन्हात पडलेले असायचे आणि आम्ही स्वेटर-कानटोपीत त्यांच्यासमोरून ट्राम गाठायला जायचो.

ती ट्राम म्हणजे या सगळ्याचा जीव. बेनिडॉर्म गाव स्वतः बघाल तर समुद्राकाठी उंच उंच टॉवर, आणि इंग्लिश नाश्त्याच्या पाट्या, दोन संध्याकाळींत बघून होतं. पण स्टेशनवरून एका बाजूला आलिकांते तासाभराहून थोडं जास्त, दुसऱ्या बाजूला आल्तेआ, काल्पे, देनिया. आम्ही एक दिवस आड निघायचो, मधला दिवस कपडे, कॅसेट, पिंप, झोप. ही एक-आडची लय आम्हाला दुसऱ्या आठवड्यात सापडली, त्याआधी रोज धावलो आणि माझा गुडघा बोलला.

विल्याहोयोसा पहिलं घ्या. समुद्रावरची लाल-निळी-पिवळी घरं आणि चॉकलेटचा कारखाना, अर्ध्या दिवसात होतं. काल्पेचा सुळका, पेन्योन दे इफाक, ३३२ मीटर, समुद्रातून सरळ वर आलेला, वर जायला आधी परवानगी काढावी लागते आणि मध्ये दगडात खोदलेला बोगदा आहे, आम्ही बोगद्यापर्यंत गेलो, पुढे वाट घसरडी, आणि आम्ही रामशेज किल्ला चढलेले लोक आहोत त्यामुळे कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. ग्वादालेस्तला बसने, गावात शिरायला खडकातून भुयार, वरून धरणाचं हिरवंनिळं पाणी, देखणं आहे पण सगळं गाव दुकानांचं झालंय. एल्चेला खजुराची बाग बघायला गेलो, बाग कसली, शहराच्या मधोमध दोन लाखांहून जास्त खजुराची झाडं, अरबांच्या काळात बसवलेल्या पाटपाण्यावर पोसलेली, २००० साली युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे एका ठिकाणी झाडाच्या शेंड्याची पानं गच्च बांधून ठेवलेली दिसली, का तर आत ऊन न लागता पान पांढरं व्हावं म्हणून, ईस्टरच्या आधीच्या रविवारी तीच पांढरी पानं विणून मिरवतात.

पण माझे जे दोन दिवस वसूल झाले ते वेगळेच. माझं माहेर पिंपळगाव बसवंत, दादाची द्राक्षं. लेक नाताळात आठ दिवस आली, भाड्याची कार होती, तर आलिकांतेच्या आतल्या बाजूला नोवेल्दाकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव आणि घड कुठेच दिसेनात, सगळीकडे पांढरी कागदी पाकिटं लटकलेली. मी लेकीला म्हटलं थांबव गाडी. कुंपणाशी उभी राहून दादाला व्हिडिओ कॉल लावला, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले, दादा जेवत होता, ताट तसंच टाकून चष्मा शोधायला गेला.

प्रकार असा की घड कोवळा असताना उन्हाळ्यातच त्याच्यावर कागदी पिशवी बांधतात, सुरुवात झाली शंभरेक वर्षांपूर्वी किडीपासून वाचवायला, मग लक्षात आलं की आत घड सावकाश पिकतो, साल नाजूक राहते आणि डिसेंबरपर्यंत वेलीवर टिकतो. आपल्याकडे पिंक बेरी येऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाला वर्तमानपत्र गुंडाळतात त्यातलाच हा भाऊ, फक्त यांचा सहा महिने राहतो. दादाचा पहिला प्रश्न, एवढी पाकिटं बांधायला मजूर कुठून आणतात गं? दुसरा प्रश्न, वाण कुठलं? आलेदो म्हणून उशिरा येणारं आहे, बी असलेलं. बी म्हटल्यावर दादा परत जेवायला बसला. पण मी सांगते, बाजारात अर्धा किलो घेतली, पिशवीतून काढलेला घड मेणासारखा पिवळसर, एक डाग नाही, चव आपल्या थॉमसनपेक्षा मंद पण वास मधासारखा. बी थुंकायची तयारी पाहिजे.

आणि ती डिसेंबरपर्यंत का राखायची त्याचं उत्तर ३१ तारखेला मिळालं. स्पेनमध्ये रात्री बाराच्या प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खायचं, बारा ठोके बारा द्राक्षं, माद्रिदच्या पुएर्ता देल सोलच्या घड्याळाचे ठोके टीव्हीवर लाइव्ह. १९०९ साली आलिकांतेकडे द्राक्षांचं पीक उदंड झालं नि बागाईतदारांनी ही प्रथा देशभर पसरवली असं सांगतात, आणि खरं असो नसो, आपल्या बागाईतदारांनी एखाद्या सणाच्या गळ्यात द्राक्षं बांधायची अक्कल काढली असती तर मार्चमध्ये भाव पडल्यावर रडावं लागलं नसतं असं दादाचं म्हणणं. कॅम्पसाइटच्या हॉलमध्ये सगळे जमलेले, प्रत्येकाच्या हातात वाटी. आता यात एक फसगत असते, बाराच्या ठोक्यांआधी घड्याळ पाव-पावचे चार टोल देतं आणि नवखा माणूस तिथेच खायला लागतो. हे लागले. आजूबाजूचे सगळे नो नो करतायत, ह्यांच्या तोंडात दोन गेलेली. मग खरे ठोके, तीन-तीन सेकंदांनी, म्हणजे छत्तीस सेकंदांत बारा, बियांसकट. ह्यांची नऊ झाली, माझी बारा. मी पिंपळगावची आहे. दुकानात सोललेली बिनबियांची मोजून बारा घातलेले छोटे डबेही मिळतात, ती पळवाट आहे.

दुसरा दिवस व्हॅलेन्सियाचा. बेनिडॉर्महून बस, पहाटे निघालो, आणि मुद्दाम गुरुवार धरला कारण दर गुरुवारी दुपारी बाराला तिथल्या कॅथेड्रलच्या दाराबाहेर पाण्याचं न्यायालय बसतं. माझं आजोळ बागलाणातलं, मोसम नदीच्या फडावरचं, फड म्हणजे पाटाचं पाणी पाळीने वाटून घ्यायची आपली जुनी पद्धत, आजोबांकडून पाटकऱ्याची, पाळीची, कुणी रात्री बारं फोडलं त्याची भांडणं ऐकत मोठी झाले, त्यामुळे हे वाचल्यापासून डोक्यात होतं. बाराचे टोल पडले, काळे डगले घातलेले आठ शेतकरी येऊन दारासमोर गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर बसले, तुरिया नदीच्या आठ पाटांचे आठ पंच, आणि एक शिपाई हातात पितळी आकडीची काठी घेऊन एकेका पाटाचं नाव पुकारायला लागला, अमुक पाटावर कुणाची तक्रार? गप्प. पुढचा पाट. गप्प. आठही पाट गप्प, पंच उठले, गेले. तीन-चार मिनिटांत खलास. आजूबाजूचे टुरिस्ट हिरमुसले पण माझ्या अंगावर काटा आला. सगळं तोंडी, वकील नाही, दिलेला निवाडा अंतिम, आणि शेकडो वर्षं चालू. २००९ साली युनेस्कोने त्याला वारसा म्हणून नोंदवलं. आजोबा असते तर म्हणाले असते यांची भांडणं संपली कशी?

तीच तुरिया नदी आता शहरात नाहीच. १९५७ च्या ऑक्टोबरात मोठा पूर आला, त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली आणि जुन्या पात्रात मैलोन्‌मैल बाग केली, पुलांखालून माणसं पळतायत, पोरं फुटबॉल खेळतायत. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर पूर मोजणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला कोरड्या पात्रात पुलाखाली बसून डबा खाताना जरा चमत्कारिकच वाटतं. आणि पूर गेला असं नाही, २०२४ च्या ऑक्टोबरात शहर वाचलं पण नव्या पात्राच्या पलीकडची गावं बुडाली, दोनशेच्या वर माणसं गेली. बसमधून येताना दाखवलं एकाने.

संक्रांतीला तिळगूळ घरून नेलेला संपला होता, चुकून हे रोज दोन-दोन खात होते. मग हिहोनाचा तुरोन वाटला, बदाम नि मध कुटून केलेली मऊ वडी, आलिकांतेचा प्रकार कडक, थेट आपली चिक्की. त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो, चालत नसेल त्यांनी जपून. डच आजींच्या हातात तुकडा ठेवून गोड बोला म्हटलं, त्यांनी गोट बोला म्हणत सबंध लाइनीत वाटला. त्या दोघांचा हा एकोणिसावा हिवाळा, आजोबा शहात्तरचे, आणि त्यांनीच मला सांगितलं की जागा घेताना १० अँपिअर मागायचे, दक्षिणेकडे तोंड असलेली घ्यायची आणि संडासच्या ब्लॉकपासून तिसरी, पहिलीला वास, पाचवीला पायपीट. हे मला बुकिंगच्या आधी कुणी सांगितलं असतं तर अर्धा स्टार वाढला असता.

आता पैसे आणि मालक. जागेसकट दिवसाला ४० युरो ठरलेले, जाहिरातीत सगळं धरून असं लिहिलेलं. शेवटच्या दिवशी कळलं की लांब मुक्कामाला वीज मीटरवर, वेगळी, ९६ युरो. करारात खाली बारीक अक्षरात होतं, म्हणजे चूक आमचीही, पण मग वर सगळं धरून कशाला लिहावं. ते भरले. त्यानंतर डिपॉझिटमधून परत ६० कापले. कारण काय, तर ओट्यावर हळदीचा डाग आणि पडद्यांना वास, स्पेशल क्लीनिंग. हळदीचा डाग माझा, कबूल, पांढऱ्या लॅमिनेटवर पिवळी वाटी उमटली ती निघेना, लिंबू लावलं, उन्हात तर ओटा नेता येत नाही. त्याचे वीस घ्या. पण वासाचे चाळीस घेणाऱ्याने गादीखालच्या बुरशीत आम्हाला साडेसहा आठवडे झोपवलं त्याचे किती द्यायचे? फोटो तारखेसकट पाठवलाय.

परत जाल का, असं सगळे विचारतात. असंच एका जागी राहून रोज जाऊन-येऊन करायला नक्की जाईन, पण छोटं अपार्टमेंट घेऊन, कारण हिवाळ्यात महिन्याच्या बोलीवर तीही स्वस्तात मिळतात आणि केटल-हिटर एकत्र चालतात. हे मात्र कॅरव्हॅनच म्हणतात, अपार्टमेंटमध्ये सकाळच्या रांगेतले मित्र कुठून मिळणार. गुडघे धड असतील, नवराबायकोचं बऱ्यापैकी जमत असेल आणि रात्री शाल घेऊन शंभर पावलं चालायची तयारी असेल त्यांनी तीन आठवडे करून बघावं. लहान मुलं नि सासूबाई बरोबर असतील तर नको.

मालकाचं बुरशीवर अजून उत्तर नाही. डच आजोबा सांगतात की माणूस वाईट नाही, उत्तराला उशीर करतो. वासाचे चाळीस युरो आले तर इथे येऊन एक स्टार वाढवीन.